गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली तारे बघायची रात्र: दुर्बिणीला दोन स्टार, सरांना पाच

आधीच सांगते, जागेचं नाव इथे टाकणार नाही, चिडू नका. मालकीणबाईंनी निघताना दोनदा बजावलंय की एका रात्रीला बाराच माणसं घेतो, आणि मागे कोणीतरी रील टाकला तेव्हा पुढच्या शनिवारी ब्लूटूथ स्पीकर घेऊन तीन गाड्या न सांगता दारात उभ्या. वाळपईच्या पुढे, चोर्ला घाटाच्या अलीकडे, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) आहे, एवढं पुरे. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी मेसेज करा, मी नंबर देते.

माणशी १५०० रुपये, बारा वर्षांखाली अर्धे. त्यात संध्याकाळचा चहा, आकाशदर्शन, एका रिटायर्ड सरांचं बोलणं, रात्रीचं जेवण आणि पडवीत झोपायला गाद्या. आम्ही चौघं गेलो, मी, नवरा, सातवीतली लेक आणि सासूबाई. सासूबाईंना ताऱ्यांचं काही पडलेलं नाही, पण जेवणात खतखतं (आमचा भाज्यांचा दाट रस्सा) आहे कळल्यावर म्हणाल्या मग मी पण येते, शाल आहे माझ्याकडे.

फोंड्याहून चारला निघालो, साखळीला मिरचीभजी खाल्ली, आणि मग मालकीणबाईंनी पाठवलेल्या लोकेशनने आम्हाला एका बंद खाणीच्या गेटासमोर नेऊन सोडलं. तिथला राखणदार हसतच होता, म्हणाला तारे बघायला ना, फाटीं वचात (मागे जा), आंब्याकडे उजवीकडे. म्हंजे रोजचंच आहे हे त्याला! लोकेशन दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात हो, पण ते काम वर्षभर तसंच पडलंय असं मालकीणबाईंनी स्वतःच कबूल केलं. पहिला मायनस इथे.

दुसरा मायनस दुर्बीण. आठ इंची डॉबसोनियन आहे, म्हंजे साध्या बैठ्यावर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण, कागदावर चांगलीच, पण खालचं बैठं इतकं ढिलं की कोणी शेजारून चालत गेलं तरी आतला तारा नाचायला लागतो. फाइंडर, म्हंजे नेम धरायची छोटी दुर्बीण, वेगळीकडे बघतो, नळी वेगळीकडे. देवयानीची दीर्घिका शोधायला वीस मिनिटं गेली आणि पर्वरीचं एक कपल तेवढ्यात आत जाऊन चहाचा दुसरा कप घेऊन आलं. वर शेजारच्या बागेतल्या पंपहाऊसचा पांढरा एलईडी थेट डोळ्यात. लहानपणी पणजीला जुंता हाउसच्या गच्चीवरच्या वेधशाळेतून मी शनीची कडी बघितली होती, ती अजून डोळ्यासमोर आहे, गावातल्या एवढ्या उजेडात सुद्धा, त्यामुळे इथे काळोखात येऊन हे असं झाल्यावर माझा मूड गेला. पैसे वाया, असं मी नवऱ्याला बोलून पण दाखवलं.

आणि मग सर बोलायला लागले.

सर कुठल्यातरी हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवायचे, आता कुळागर बघतात. प्रोजेक्टर होता, पडदा म्हणून चादर होती, पण पंधरा मिनिटांनी लाइट गेली आणि ते बरंच झालं, कारण नंतर सगळं वर बोट दाखवून आणि टोपातल्या डावाने झालं. विषय होता न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोड्या, म्हंजे जड तारे फुटल्यावर मागे उरणारे घट्ट गोळे, दोन-दोन एकत्र फिरणारे. मी मनात म्हटलं, झालं, आता टक्कर होते आणि सोनं तयार होतं ते ऐकावं लागणार, दर दुसऱ्या यूट्यूबवाल्याने ते सांगून झालंय. सरांनी पहिल्याच वाक्याला ते बाजूला टाकलं. म्हणाले टक्कर सोपी आहे, दोघे जवळ असले की होणारच, मला सांगा ते एवढे जवळ आले कसे?

कोणी काही बोलेना. मग त्यांनी आकडे दिले. न्यूट्रॉन तारा म्हंजे सूर्यापेक्षा जास्त, साधारण १.४ पट वस्तुमान, आणि आकार किती, तर पणजी मध्यावर धरली तर त्याचा काठ दहा-बारा किलोमीटरवरच्या म्हापशाला. असे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात तेव्हा गुरुत्वीय लहरींतून, म्हंजे अवकाशातच उठणाऱ्या लाटांतून, ऊर्जा जात राहते आणि दोघे हळूहळू आत सरकतात. दोघांत सूर्याच्या एका त्रिज्येएवढं अंतर असेल, म्हंजे पृथ्वीपासून चंद्र आहे त्याच्या दुपटीहूनही कमी, तर अडीच-तीन कोटी वर्षांत एकमेकांवर आदळतील. अंतर दुप्पट करा, वेळ सोळापट. पाचपट करा, मग १३८० कोटी वर्षांचं विश्वाचं सगळं वय सुद्धा पुरत नाही. आणि आता हे बघा, असं म्हणून त्यांनी पूर्वेला मृगातला लालसर काक्षी दाखवला. हा असा म्हातारा झालेला जड तारा, सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षा पण गिळून बसेल. न्यूट्रॉन तारे अशांच्याच पोटातून येतात. मग ज्यांच्या आया एवढ्या फुगतात ती दोघं सूर्याएवढ्या जागेत मावतील अशी कशी काय येऊन बसली?

सासूबाई म्हणाल्या, म्हंजे आधी लांबच असणार, मग कोणीतरी ढकलली असणार. सर म्हणाले वहिनी, बरोब्बर, आता ढकललं कोणी ते आपण रात्रभर बघू. इथून पुढे सासूबाई पहिल्या रांगेत.

मला सगळ्यात आवडलं ते पाणलोटाचं. दोन जड तारे, दोघेही सूर्याच्या आठपटीहून मोठे, जुळ्यासारखे एकत्र जन्मलेले. असले मोठे तारे बहुतेक एकटे नसतातच, मृगाच्या पट्ट्यातला एक तारा दाखवला, आपल्याला एक ठिपका दिसतो पण आत एक जड जोडी पावणेसहा दिवसांत एक फेरी मारते. दोघांपैकी जो जास्त जड त्याचं इंधन आधी संपतं, जड तारे उधळे असतात, सूर्य हजार कोटी वर्षं पुरवेल तिथे हे एखाद कोटीत खलास. मग तो फुगतो. आणि प्रत्येक ताऱ्याभोवती एक हद्द असते, तिला रोश लोब म्हणतात, त्या हद्दीच्या आतला गॅस त्याचा, बाहेर सांडला की दुसऱ्याचा. सरांनी काळोखात घाटाकडे हात केला. वर कणकुंबीकडे पाऊस पडतो ना, एक थेंब या अंगाला पडला तर म्हादईतून आपल्याकडे, वीतभर पलीकडे पडला तर मलप्रभेत आणि पार बंगालच्या उपसागरात. दोघांच्या मधली खिंड म्हंजे तीच. फुगलेल्या ताऱ्याचा गॅस खिंडीपर्यंत चढला की पलीकडे वाहायला लागतो. म्हापशाचे एक काका लगेच म्हणाले, म्हंजे कळसा-भंडुरा! (म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायचा कर्नाटकाचा प्रकल्प.) आख्खी पडवी हसली. पाणी वळवणं म्हंजे काय ते गोव्यात कोणाला शिकवायची गरज नाही.

हे पुस्तकी बोलणं नाही, डोळ्याने दिसतं, असं म्हणून त्यांनी आम्हाला उत्तरेकडे वळवलं. तिथे ययाती तारकासमूहात अल्गोल. जेवणाआधी, सात वाजता, तो बऱ्यापैकी ठळक होता, देवयानीच्या टोकाच्या ताऱ्यापेक्षा जरासाच कमी. सरांनी लेकीला सांगितलं, गो बाय, वहीत लिहून ठेव, साडेनवाला परत बघ. साडेनऊला बघितलं तर तो अक्षरशः विझत आलेला, बाजूच्या बारक्या ताऱ्यात आणि त्याच्यात फरक कळेना. दर २ दिवस २१ तासांनी हे होतं, कारण मंद तारा उजळ ताऱ्याच्या पुढे येतो. सरांनी तारीखच त्या हिशोबाने ठरवलेली, अमावस्येजवळची रात्र, आणि अल्गोल डोक्यावर उत्तरेला सगळ्यात उंच असताना सगळ्यात मंद. असं प्लॅनिंग करणारा माणूस बैठ्याचा एक बोल्ट का आवळत नाही हे मला कळलेलं नाही, पण असो. १७८३ मध्ये जॉन गुडरिक नावाच्या १८ वर्षांच्या मुलाने हा काळ मोजला, मुलगा बहिरा होता, साध्या डोळ्याने बघून. माझी लेक त्यानंतर वही सोडेना.

आता यातली गंमत. अल्गोलमधला जड तारा सूर्याच्या तिपटीहून जास्त, आणि तो अजून तरुण. हलका तारा सूर्यापेक्षाही हलका, आणि तोच म्हातारा, फुगलेला. उलट हवं होतं ना, जड तो आधी म्हातारा होतो. उत्तर एवढंच की म्हातारा आधी जड होता, त्याने आपलं सगळं दुसऱ्याला देऊन टाकलं. आणि घेणाऱ्याला नवीन इंधन मिळालं की तो परत तरुण झाल्यासारखा वागतो. सासूबाई म्हणाल्या, अहो हा ययातीच की, पोराचं तारुण्य मागून घेतलेला. सर म्हणाले उलटा ययाती, वहिनी, इथे थोरला देतो आणि धाकटा ताजा होतो. माझ्या अंगावर काटा आला हो, तारकासमूहाचं नाव ययाती आणि त्याच्यात हे नाटक. अर्थात नाव ठेवणाऱ्यांना यातलं काही माहीत नसणार, आणि अल्गोलचे दोघे न्यूट्रॉन तारे होण्याइतके जड नाहीत हेही सरांनी सांगितलं. पण पहिली पायरी हीच.

दुसरी पायरी पहिला स्फोट, म्हंजे इंधन संपलेला थोरला फुटतो आणि मागे न्यूट्रॉन तारा उरतो. इथे जोडी खरं तर मोडायलाच हवी. नियम असा की गोल फिरणाऱ्या जोडीतलं निम्म्याहून जास्त वजन एकदम उडून गेलं की दोघांना बांधून ठेवणारी ओढ पुरत नाही, दोघे दोन दिशेला. पण थोरल्याने आधीच सगळं देऊन टाकलेलं असतं, तो आता दोघांतला हलका, त्यामुळे फुटताना उडण्यासारखं त्याच्याकडे फार उरलेलं नसतं. दिलं म्हणून वाचले, असं सर म्हणाले आणि पुढे गेले, यावर प्रवचन दिलं नाही याबद्दल त्यांना अर्धा स्टार एक्स्ट्रा. कारण लगेच वाईट बातमी होती. स्फोट चारी बाजूंनी सारखा होत नाही, त्यामुळे नव्या न्यूट्रॉन ताऱ्याला लाथ बसते, सेकंदाला शेकडो किलोमीटरची. चारशे धरली तर पणजीहून मुंबई एका सेकंदात, कोकणकन्येला आख्खी रात्र लागते. बहुतेक जोड्या इथेच तुटतात. ज्या लाथेची दिशा आणि जोर नेमका जमून जातो तेवढ्याच टिकतात.

टिकल्या की मग एक न्यूट्रॉन तारा आणि एक लठ्ठ झालेला धाकटा, असा संसार. धाकट्याचा वारा किंवा सांडलेला गॅस न्यूट्रॉन ताऱ्यावर पडतो, तापतो, क्ष-किरण निघतात. सेंटॉरस एक्स-३ हे असलं घर, उहुरू उपग्रहाने १९७१ मध्ये त्याचे ठोके पकडले, ४.८ सेकंदाला एक, आणि दोघांची फेरी दोन दिवसांची. हा भाग सरांनी दोन मिनिटांत उरकला, मला अजून ऐकायचं होतं, आपला अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह पण २०१५ पासून असली घरं बघतोय, त्यावर काहीतरी हवं होतं. पण तोवर आतून खतखत्याचा वास यायला लागला होता आणि लोक चुळबुळ करत होते. जेवण साडेआठला सांगितलेलं, दहाला आलं. मायनस.

पण उशीर झाला म्हणूनच तिसरी पायरी टोपात बघायला मिळाली! सरांनी मालकीणबाईंना टोप चुलीवरून उतरवून बाहेर आणायला सांगितला, मोठा, काठापर्यंत भरलेला, रताळं, सुरण, शेंग, मक्याचे तुकडे, वर तिरफळाचा वास. टोप म्हंजे फुगलेला धाकटा तारा. मधला सुरणाचा मोठा तुकडा त्याचा गाभा. आणि डाव म्हंजे न्यूट्रॉन तारा. धाकटा आता इतका भराभर फुगतो की न्यूट्रॉन ताऱ्याला एवढा गॅस गिळताच येत नाही, मग काय, तो स्वतःच धाकट्याच्या पोटात जातो. दोघांभोवती एकच पांघरूण. लेकीच्या हातात डाव दिला, म्हणाले फिरव. ती कडेने फिरवायला लागली, दाट रस, पाच-सहा फेऱ्यांत तिचा हात भरून आला. हात दुखला ना, ती ताकद गेली कुठे? खतखत्यात, ती म्हणाली. बरोब्बर. न्यूट्रॉन ताऱ्याची फिरण्याची ऊर्जा अशीच गॅसमध्ये जाते, तो मळसूत्रासारखा आत आत येतो, आणि गॅसला मिळालेली ऊर्जा पुरेशी झाली की आख्खं पांघरूण बाहेर फेकलं जातं. लेकीने जोरात फिरवलं आणि रस खरंच काठावरून सासूबाईंच्या शालीवर. (डाग गेलेला नाही.)

शेकडो सौरत्रिज्यांचं अंतर दोन-चारवर येतं ते इथे, ताऱ्यांच्या हिशोबाने डोळा मिटून उघडेपर्यंत. ढकललं कोणी, तर या पांघरुणाने. बोहदान पाचिन्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये ही कल्पना मांडली, आणि आजही सगळ्या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी हीच, कॉम्प्युटरवर पूर्ण चालवून दाखवणं अजून जड जातं. ऊर्जा कमी पडली तर? तर पांघरूण निघत नाही आणि न्यूट्रॉन तारा थेट गाभ्यात जाऊन बसतो, तारा बाहेरून तारा आणि आत भलताच पाहुणा. किप थॉर्न आणि अ‍ॅना झिटकोव यांनी १९७७ मध्ये अशा वस्तूचं गणित मांडलं. म्हंजे इथे पण जोडी बुडू शकते. सासूबाई म्हणाल्या, मेल्यांचं नशीब बघा, एक झालं की एक.

जेवताना बोलणं चालूच. पांघरूण गेल्यावर धाकट्याचा नुसता हेलियमचा गाभा उरतो, तो पण थोडा फुगतो, परत थोडा गॅस न्यूट्रॉन ताऱ्यावर पडतो. हा गॅस गोल फिरत पडतो म्हणून म्हातारा झालेला, मंदावलेला न्यूट्रॉन तारा परत जोरात फिरायला लागतो, सेकंदाला दहा-वीस, कधी चाळीस फेऱ्या. आणि धाकटा इतका सोलला जातो की दुसऱ्या स्फोटात उडायला अगदी थोडं राहतं, लाथ पण हलकी बसते. म्हणून दुसऱ्या स्फोटात जोडी वाचते. उकडलेल्या बटाट्याची साल काढल्यावर काय उरतं तेवढंच, असं सर म्हणाले, ते मला फार पटलं नाही, पण तोंडात घास होता.

याचा पुरावा काय, हे मी मुद्दाम विचारलं, कारण गोष्ट छान आहे पण गोष्टी कोणीही रचतो. तर २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने पकडलेली जोडी आहे, पीएसआर जे०७३७-३०३९, दोघेही पल्सार, म्हंजे गिरकी घेताना ठरावीक ठोक्याने रेडिओ लहरी पाठवणारे न्यूट्रॉन तारे, दोघांची फेरी जेमतेम अडीच तासांची. एक २२.७ मिलिसेकंदात गिरकी घेतो, दुसरा २.८ सेकंदात. गोष्टीप्रमाणे जोरात फिरणारा तो म्हातारा, गॅस खाऊन ताजा झालेला, आणि रेंगाळणारा तो नंतर जन्मलेला तरुण, आणि मोजमापं तेच सांगतात. कक्षा पण जवळजवळ गोल, म्हंजे दुसरा स्फोट हलकाच झाला असणार. म्हातारा धावतो आणि तरुण लोळतो, आमच्या घरात पण असंच आहे, हे सासूबाईंनी नवऱ्याकडे बघून सांगितलं.

दुसरा पुरावा जुना. १९७४, रसेल हल्स आणि जोसेफ टेलर, अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीची ३०५ मीटरची मोठी थाळी. त्यांना सापडलेली जोडी पावणेआठ तासांत फेरी मारते, कक्षा लांबट, जवळ येतात तेव्हा सूर्याच्या एका त्रिज्येला टेकतात आणि लांब जातात तेव्हा पाचाच्या जवळ. ही फेरी दर वर्षी सेकंदाच्या ७६ दशलक्षांश भागाने लहान होते, आइन्स्टाइनच्या गणितातून येतं तितकीच, आणि त्यासाठी १९९३ चं नोबेल. कक्षा वर्षाला साडेतीन मीटर आत येते. सरांनी लेकीला विचारलं दिवसाला किती? तिने वहीत भागाकार केला, म्हणाली एक सेंटिमीटर पण नाही पूर्ण. म्हंजे तू उद्या संध्याकाळी घरी पोचशील तोवर तुझ्या नखाएवढी. सासूबाई स्वतःचं नख बघत बसल्या. तीस कोटी वर्षं लागतील आदळायला, नखानखाने.

टक्करीचं शेवटी आलंच, पण थोडक्यात. १७ ऑगस्ट २०१७, आपली संध्याकाळ, ६ वाजून ११ मिनिटं. लायगोमध्ये, म्हंजे गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या अमेरिकेतल्या यंत्रांत, सुमारे शंभर सेकंद लहर वाजली, संपल्यावर १.७ सेकंदाने गॅमा किरण, १३ कोटी प्रकाशवर्षांवरून, वासुकी तारकासमूहातल्या एका दीर्घिकेतून. ती जागा तेव्हा आपल्या नैऋत्येला बऱ्यापैकी वर होती, पावसाच्या ढगांच्या मागे. ढगांचं त्या लहरींना काही नाही, आरपार गेल्या, आपल्यातून पण. त्या वर्षी गणपतीची चवथ २५ ला होती, म्हंजे आम्ही घराला रंग मारत होतो बहुतेक, कोणालाच काही कळलं नाही. सरांनी मोबाईलवर त्या लहरीचा आवाज ऐकवला, शेवटी एक बारीकशी शीळ वर चढते आणि संपते, बस. आता भारतात पण लायगो होतंय, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला, चार किलोमीटरचे दोन हात, २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. सासूबाई एकदम सावरून बसल्या. औंढा नागनाथ? ज्योतिर्लिंगाजवळ? मी गेलेय तिथे! तेव्हापासून लायगो घरचं झालंय.

एक तक्रार मात्र सरांबद्दल पण आहे. सोन्याचा विषय शेवटी कोणीतरी काढलाच आणि ते घाईत म्हणाले की तुमच्या मंगळसूत्रातलं सोनं सगळं असंच आलं. सगळं, हे जास्त झालं. त्या टक्करीतून जड मूलद्रव्यं निघाली हे नक्की, स्ट्रॉन्शियमच्या खुणा प्रकाशात मिळाल्या, पण दुसऱ्या वाटांनी पण सोनं बनत असावं यावर शास्त्रज्ञांचं अजून चाललंय. मी तसं म्हटलं तर सर म्हणाले बरोबर आहे वहिनी, लोकांना ऐकायला आवडतं म्हणून सवय लागली. आणि सगळ्या जोड्या अशाच बनतात का, हेही आम्ही विचारल्यावरच त्यांनी सांगितलं. एम १५ सारख्या गोलाकार तारकागुच्छात इतकी गर्दी असते की तिथे न्यूट्रॉन तारे जोडीदार बदलतात, जन्मापासून एकत्र असण्याची गरजच नाही. हे न विचारता सांगायला हवं होतं, माझ्या मते यावर आख्खी दुसरी रात्र होईल.

बाकी सोयी. गाद्या स्वच्छ, मच्छर भरपूर, ओडोमॉस न्या. बाथरूम एकच आणि अंगणापलीकडे, टॉर्चला लाल कागद लावून देतात ते छान. खतखतं फर्स्ट क्लास, सोलकढी पाणचट, पण उकड्या भाताला दुसऱ्यांदा विचारतात. लहान मुलं असतील तर साडेनवाच्या पुढे झोपतात, पैसे फुकट, सातवी-आठवीच्या पुढची न्या.

आणि दुर्बिणीचं शेवटी काय झालं ते सांगायचं राहिलं. साडेअकराला सगळे झोपायला निघाले, माझ्या नवऱ्याला चैन पडेना, तो गाडीतून स्पॅनर घेऊन आला आणि बैठ्याचा मधला बोल्ट आवळला, चार फेऱ्या, बस. सर बाजूला टॉर्च धरून उभे, जरा ओशाळले होते. मग मृगातला तेजोमेघ लावला तर मधले चार तारे चौकोनात टाचणीसारखे, हलेनात. लेक पंधरा मिनिटं डोळा काढेना. वायव्येला अल्गोल परत चढायला लागला होता, तिने वहीत वेळ लिहिली, १२.०५. म्हणून दुर्बिणीला एक स्टार द्यायची ती दोन देतेय. बोल्ट परत ढिला होणार याची खात्री आहे, त्यामुळे जाणाऱ्यांनी १३ नंबरचा स्पॅनर जवळ ठेवा.